अंथरुणाचं माप

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्याकडे निदान अंथरूण होतं. मुंबईच्या उपनगरांत ते पुरेसं कुणाला होतं? दहा बाय बाराच्या खोलीत आजी, आईवडील, धाकटी भावंडं, आणि मोठी मुलं बाहेर गॅलरीत, अशा रात्री कितीतरी घरांनी वर्षानुवर्षं काढल्या. उन्हाळ्यात गच्चीवर जागा धरायची तर सतरंजी संध्याकाळीच टाकून यावी लागे. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर 225 चौरस फुटांचं झालं, मग 269, मग 300. तरी पाय दुमडूनच झोपायची सवय असलेली माणसं या शहरात लाखांनी आहेत. ही म्हण त्यांना ऐकवायची म्हणजे काय ऐकवायचं, हे लेखिकेला अजून नीट कळलेलं नाही.

घाटकोपर-मुलुंडच्या फलाटांवर शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलची वाट बघणारी पोरं दिसतात. पाठीवर भल्यामोठ्या सॅक, वर गुंडाळलेली मॅट, बाजूला टेंटची पिशवी. कुणी हरिश्चंद्रगडाला निघालेलं असतं, कुणी कळसूबाईला. दोन माणसांचा टेंट आत मोजला तर साधारण सात फूट बाय पाच फूट भरतो. म्हणजे घरी होती त्याहून कमी जागेत झोपायला ही मुलं रात्रभर प्रवास करतात आणि सकाळी डोंगर चढतात. पाय पसरायची हौस म्हणावी, तर पाय इथेही पसरत नाहीत.

सह्याद्रीच्या माथ्यावर टेंट लावणं हे वेगळंच काम आहे. खाली कातळ असतो, खुंटी ठोकली तर वाकते, आत जात नाही. मग आजूबाजूचे दगड गोळा करून दोऱ्या त्यांना बांधायच्या. डिसेंबरात पहाटे उठलं की कापडाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत असतात. ते निम्मे दवाचे आणि निम्मे आत झोपलेल्यांच्या श्वासाचे. मुलुंडच्या चक्रम हायकर्सच्या ‘सह्यांकन’सारख्या मोहिमांनी अशा मुक्कामाची शिस्त अनेकांना लावली. पण शिस्तीबाहेरचे मुक्कामही पुष्कळ. पठारावर जागोजागी तीन दगडांची काळी पडलेली चूल, तिच्यात अर्धवट जळालेली मसाल्याची चंदेरी पाकिटं आणि शेजारी बसायला ओढून आणलेला चौथा दगड. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. चूल मात्र दर हिवाळ्यात नव्या जागी उमटते.

मग बोरिवलीत राहणाऱ्याने इतकं दूर जावंच कशाला? डोंगर तर घरामागेच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, बोरिवलीपासून मुलुंड आणि ठाण्याच्या येऊरपर्यंत पसरलेलं. पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव, 1860 आणि 1879 सालचे, अजून शहराला पाणी देणारे. पण संध्याकाळी फाटक बंद होतं आणि मनाला येईल तिथे टेंट टाकून रात्र काढायची सोय नाही. ते योग्यच आहे, असं लेखिकेला वाटत आलं. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत या जंगलपट्ट्यात 35 बिबटे मोजले गेले. दिवसभर जंगल माणसांचं असतं. रात्रही आपण घेतली तर बिबट्यांनी कुठे जायचं? नॉर्वेत 1957 च्या कायद्याने कुणालाही मोकळ्या रानात टेंट लावता येतो. वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं. तिथे रान मोठं आणि माणसं थोडी. आपल्याकडे 104 चौरस किलोमीटरच्या चहूबाजूंनी दोन कोटींच्या घरातलं महानगर. तो कायदा इथे आणून कसं भागेल?

इथवर सगळं सरळ वाटतं. घोटाळा कान्हेरीपाशी होतो.

त्याच उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवीसनाच्या आगेमागे बौद्ध भिक्षू इथे येऊ लागले. पावसाळ्यात भटकायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, हा संघाचा नियम. पाऊस संपला की पुन्हा वाटेला लागायचं. खोलीत शिरलं की भिंतीलगत दगडातच कोरलेला ओटा दिसतो, एक माणूस आडवा होईल एवढा. अंथरुणाचं माप इथे छिन्नीने ठरवून टाकलेलं आहे, ते कुणाला ओढून वाढवता येत नाही. लेण्यांबाहेर पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कोरलेली टाकी, आहेत. त्यातली एक कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दान दिली, तसा लेख तिथे आहे. सोपारा, नाशिक इथल्या लोकांचीही नावं दानलेखांत आहेत. बाजारपेठेतल्या माणसांनी डोंगरावर मुक्कामाला जाणाऱ्यांची काळजी वाहिली होती.

पण तीन महिन्यांचा मुक्काम तीन महिन्यांचा राहिला का? एक खोली, मग दहा, मग शंभर. सभागृहं, स्तूप, पायऱ्या, बांध. जवळजवळ हजार वर्षं वस्ती नांदली. पाय पसरतच गेले आणि आज आपण त्याला वारसा म्हणतो. आज पवना धरणाच्या काठीही हिवाळाभर टेंटच्या रांगा उभ्या राहतात. एका रात्रीचं गिऱ्हाईक बदलतं, टेंट तिथेच. प्रबळमाचीला गावकरीच टेंट भाड्याने देतात, आणि त्या पैशावर घरं चालतात. या सगळ्यांतला कुठला पसारा अतिक्रमण आणि कुठला नांदणं, हे कोण ठरवणार? उद्यानातल्या झोपड्यांबाबत 1995 साली उच्च न्यायालयात याचिका झाली, 1997 साली त्या हटवण्याचा आदेश आला. जंगल त्यामुळे बरंच वाचलं, हे खरं. त्या झोपड्यांतही कुणीतरी पाय दुमडूनच झोपत होतं, हेही खरं.

कान्हेरीच्या 90 व्या लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. भिक्षूंची ये-जा ओसरत असताना काही पारशी मंडळी डोंगर चढून आली आणि त्यांनी पहलवी लिपीत आपली नावं भिंतीवर कोरली. साल 1009, आणि पुन्हा 1021. दोन्ही वेळा हंगाम पाऊस सरून हवा उघडल्यावरचा, आजही मुंबईकर डोंगराकडे निघतो तोच. पारशांच्या इथल्या सुरुवातीच्या इतिहासाचा तो मोलाचा पुरावा. गडांच्या भिंतींवर नावं रंगवणाऱ्यांचा लेखिकेला मनापासून राग आहे, तो आजही तसाच आहे. जाताना मागे काही ठेवू नये, हा तिला पटलेला नियम. त्या मंडळींनी तो पाळला असता तर ती आली होती हेच कुणाला कळलं नसतं. नियम चुकीचा ठरत नाही. पण तो पूर्वीइतका स्वच्छही उरत नाही.

समजा, उद्यानाने ठरवलं की थंडीत ठराविक जागी, मोजक्या टेंटना, आग न लावण्याच्या अटीवर रात्रीची चिठ्ठी द्यायची. अंधेरीच्या दहाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला रानातला अंधार कळेल, आणि ज्याला तो कळला तो पुढे जंगलासाठी उभा राहील. कदाचित राहणार नाही, फोटो काढून परत येईल. आणि त्याच उद्यानात नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा आहेत. वारली माणसं वाघोबाला पुजत तिथे पिढ्यान्‌पिढ्या झोपत आली आहेत, आणि पाडा कधी हलवतील या घोरात आहेत. शहरातल्या मुलाला रात्रीची चिठ्ठी मिळाली, तर पाड्यातल्या मुलाला स्वतःच्या अंगणात वाकळ टाकायला कुणाची चिठ्ठी लागेल?