ह नंतर ळ

माझी पहिली साइट माझ्या फोनवर उघडत होती आणि घरातल्या लॅपटॉपवर उघडत नव्हती. फोन मोबाइल डेटावर होता, लॅपटॉप वाय-फायवर. फोन वाय-फायला जोडला की त्यावरूनही साइट गायब व्हायची. मी आयुष्यभर टॅलीवर हिशेब केलेली बाई. तिथे नोंद एकदा झाली की झाली. ती एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं होत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी मला काही उमजेना.

कारण शोधायला बराच वेळ लागला. साइटचं नाव आणि ती ज्या सर्व्हरवर ठेवली आहे त्याचा आकडी पत्ता, यांची सांगड घालून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. एकदा विचारलेल्या नावाचं उत्तर वाटेतले सर्व्हर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात, म्हणजे दर वेळी मूळ ठिकाणी जाऊन विचारावं लागत नाही. ‘असं नाव अस्तित्वातच नाही’ हे उत्तरसुद्धा असंच जपलं जातं. मी नाव विकत घेण्याआधी ते वाय-फायवरून उघडून पाहिलं होतं, आणि ते नकाराचं उत्तर तिथे मुक्कामाला होतं. मुदत सरली, साइट दिसली. मधल्या काळात करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि नवशिक्या माणसाला काही न करता थांबणं फार जड जातं.

ती साइट मावशीच्या उन्हाळी वाळवणांची होती. कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, नाचणीचे पापड, सांडगे. मी नाव, पत्ता, पदार्थ, किलो असा रीतसर फॉर्म केला होता. तो कुणीही भरत नव्हतं. लोक पानावरचा नंबर पाहून मावशीला व्हॉट्सॲप करत होते. मग मी फॉर्म काढून टाकला आणि प्रत्येक पदार्थाखाली एक बटण ठेवलं. ते दाबलं की मावशीशी व्हॉट्सॲपवरचा संवाद उघडतो आणि ‘कुरडई १ किलो हवी आहे’ हे वाक्य आधीच लिहून तयार असतं. माणसं जिथे बोलतात तिथेच त्यांना नेऊन सोडलं. मला वाटतं, छोट्या साइटचं निम्मं शहाणपण एवढ्यात येतं.

भावाची मात्र वेगळीच गंमत. मावशीने कुरडईचा भाव बदलला, मी पानावर बदलला, आणि तिचा फोन आला: “अगं, माझ्या फोनवर जुनाच दिसतोय. गिऱ्हाईक भांडेल माझ्याशी.” ब्राउझर एकदा आणलेली फाइल फोनमध्येच ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच दाखवतो. त्याला नवी फाइल आणायला लावायची, तर फाइलच्या नावातच काही बदल करावा लागतो, आवृत्तीचा आकडा जोडावा लागतो. भाव बदलला की आकडा बदलायचा, हे आता माझ्या हाताला वळण झालं आहे.

त्या बटणामागच्या लिंकमध्ये मला पहिल्यांदा मराठीचं आतलं रूप दिसलं. मी लिहिलं होतं ‘कुरडई’, आणि लिंकमध्ये दिसत होती टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. मोजली तर पंचेचाळीस चिन्हं. क, उकार, र, ड, ई अशा पाच खुणा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. आणि लिंकमध्ये एकेक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. पाच गुणिले नऊ. हिशेब जुळला तेव्हा मला हायसं वाटलं, कारण इतके दिवस समोर जे घडत होतं त्यातलं हे पहिलं गणित होतं जे मला स्वतःला सोडवता आलं.

खरं काम पुढे सुरू झालं. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि घरची शेतीही बघायचे. त्यांच्याकडे एक वही आहे. त्यात शेतातले आणि खळ्यावरचे शब्द आहेत: नांगराचं रुमणं, जुवाच्या शिवळा, पाभर, तिफण, कुळव, खळ्याच्या मधोमध रोवायचा तिवडा. विहिरींवर विजेचे पंप बसले तशी मोट गेली, आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे सगळं बोलण्यातून गेलं. ही वही साइटवर आणायची, शोधता येईल अशी, असं मी ठरवलं. निम्मे शब्द मी फोनवर टाइप केले, निम्मे मामेभावाने त्याच्या कॉम्प्युटरवर.

यादी पडद्यावर आली. शोधाच्या चौकटीत मी ‘कुऱ्हाड’ लिहिलं. ‘शब्द सापडला नाही.’ आणि त्या ओळीच्या खालीच, यादीत, कुऱ्हाड दिसत होती.

मी दोन्ही शब्द शेजारी ठेवले, फॉन्ट मोठा केला, पुन्हा पुन्हा पाहिले. काना, उकार, तो अर्धा र, सगळं तंतोतंत तेच. शेवटी शब्दातली प्रत्येक खूण सुटी करून तिचा युनिकोड क्रमांक छापणारा चार ओळींचा कोड लिहिला. माझ्या कुऱ्हाडीत सात खुणा निघाल्या, भावाच्या कुऱ्हाडीत आठ. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक करणारा, मराठीतला आडवा अर्धा र लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, युनिकोडने त्यासाठी दिलेला स्वतंत्र ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त द्यायचा. दुसरा, साधा र, हलन्त, आणि मग एक जोडक, ज्याला रुंदीही नाही आणि रूपही नाही. तो पडद्यावर कधीच दिसत नाही, पण मजकुरात असतो. माझा कीबोर्ड पहिल्या मार्गाने जात होता, भावाचा दुसऱ्या. डोळ्यांना एक शब्द, यंत्राला दोन.

युनिकोडमध्ये सारख्या दिसणाऱ्या खुणा एका रूपात आणण्याची एक ठरलेली प्रक्रिया आहे. मी मोठ्या आशेने ती वापरली. ती या दोन रूपांना एक मानत नाही. तेव्हा हा नियम मी स्वतः लिहिला: शब्द साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, र-हलन्त-जोडक दिसलं की त्या जागी ऱ-हलन्त घालायचं. त्या नियमाने कुऱ्हाड सापडली, आणि तिच्यामागून दोऱ्या, पायऱ्या यांच्या सगळ्या नोंदी सापडू लागल्या.

रुमण्याचा प्रश्न याहून वेगळा होता. अण्णा बोलतात ‘रुमणं’, पुस्तकी वळणाने लिहिणारा ‘रुमणे’ लिहील, आणि मोल्सवर्थच्या कोशासारख्या जुन्या ग्रंथांत असे नपुंसकलिंगी शब्द अनुस्वारासह असतात, ‘खळें’ असे. त्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन शोधता येईल अशी ठेवली आहे, म्हणून मला ते ताडून पाहता आलं. इथे यंत्राचा काही दोष नव्हता. तिन्ही रूपं आपलीच आहेत. मी शब्दाच्या शेवटचे अं, ए आणि एं शोधापुरते एकच मानले. दाखवताना मात्र अण्णा बोलतात तेच रूप ठेवलं.

मग मी ते पान अण्णांना दाखवलं. ते चष्मा पुसून एकेक ओळ वाचत गेले आणि कु-च्या रांगेत थांबले. “हा कुळव कुसळाच्या आधी कसा काय आला गं? ळ कुठे असतो वर्णमालेत?”

मी मनात म्हणून पाहिलं. य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. ह नंतर ळ. शाळेत हाच क्रम पाठ केलेला. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ बसला आहे ल-च्या लगेच पुढे, व-च्या आधी. साधी क्रमवारी लावली की यंत्र खुणांचे क्रमांक बघतं, आणि मग कुळव आधी, कुसळ नंतर. माझ्या यादीत तर ळ जागोजागी होता: खळं, थारोळं, शिवळ, कुळव. सगळी यादी मराठी माणसाला परकी वाटेल अशा क्रमाने लागली होती.

मी आता ळ-साठीही नियम लिहायला बसले होते, आणि तेव्हा कळलं की तो लिहिलेला आहे. ब्राउझरमध्ये शब्दांची तुलना करताना भाषा कोणती ते सांगता येतं. मराठीसाठी ‘एमआर’ एवढी दोन अक्षरं दिली की क्रम बदलतो: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. हे नियम युनिकोड संघटनेच्या भाषावार माहितीसंग्रहात असतात आणि तिथून ब्राउझरमध्ये येतात. मी दोन अक्षरं घातली, पान पुन्हा उघडलं, कुसळ वर गेलं, कुळव खाली आला. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी बसून आपल्या वर्णमालेचा शेवट नीट नोंदवून ठेवला होता, आणि तो जगातल्या कुठल्याही फोनवर असा तयार असतो. त्या माणसाचे आभार मानायची सोय नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

तिथून मी प्रत्येक पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे हे लिहायला लागले. त्याचा आणखी एक फायदा दिसला. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीतल्या वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं प्रमाणित केली. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि पान मराठी आहे हे सांगितलं तरच मराठी वळण बाहेर येतं. न सांगितलं तर पान हिंदी वळणाने दिसतं. त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही, कारण आपल्याला पडद्यावर तसंच बघायची सवय झाली आहे. मला ही सवय मोडायला हवी असं वाटतं.

दिसण्याच्या इतर अडचणी पटकन सांगते. तयार नमुन्यांमध्ये मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, ते अंतर शून्य करायचं. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाने ठेवली की रफार आणि वेलांटी एकत्र येतात तिथे वरचा भाग कापला जातो, ती वाढवायची.

अण्णांच्या जुन्या विद्यार्थ्यांना यादीपेक्षा शब्दकोडं आवडेल, असं मामेभाऊ म्हणाला. कोडं म्हणजे चौकटी, आणि एका चौकटीत एक अक्षर. कुऱ्हाड तीन चौकटींची: कु, ऱ्हा, ड. यंत्राला लांबी विचारली तर ते सात सांगतं, कारण ते खुणा मोजतं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरं तोडून देणारी एक सोय ब्राउझरमध्ये आहे, ती वापरून पाहिली. माझ्या नव्या फोनवर तीन, अण्णांच्या जुन्या फोनवर चार: कु, ऱ्, हा, ड. एकच पान, दोन फोन, दोन उत्तरं. मी पुन्हा पहिल्या संध्याकाळसारखी बसून राहिले. जोडाक्षर मधे तोडायचं नाही हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत आला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. जुन्या फोनमधल्या ब्राउझरपर्यंत तो पोचलेला नव्हता. अण्णांना नवा फोन घ्यायला सांगणं हा काही उपाय नव्हे. माझे बहुतेक वाचक त्यांच्यासारखेच फोन वापरतात. तेव्हा तोडलेला तुकडा हलन्ताने संपत असेल तर तो पुढच्या तुकड्याला जोडायचा, एवढी एक ओळ मी वाढवली. दोन्ही फोनवर तीन चौकटी आल्या.

हे सगळं मी सांगलीत, स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर करते. वेबचा मूळ कोड जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना विनामूल्य खुला केला. साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून फुकट देते. नावाचं वर्षाचं भाडं तेवढं मी भरते. एका तालुक्यातल्या मोटेच्या शब्दांसाठी कुठलीही मोठी कंपनी माणूस बसवणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. हे काम ज्याच्या घरात वही आहे त्याचंच आहे.

गेल्या महिन्यात विदर्भातून एका शेतकऱ्याचा निरोप आला. यादीतल्या कुळवाला त्यांच्याकडे वखर म्हणतात, आणि त्याच्या भागांची नावंही वेगळी आहेत; ती घालता येतील का, असं त्यांनी विचारलं. माझ्या रचनेत एका शब्दापुढे एक अर्थ अशी जागा होती, एका वस्तूपुढे अनेक नावं अशी नव्हती. म्हणून आता सगळा साठा वस्तूनुसार नव्याने मांडते आहे: आधी वस्तू आणि तिचं चित्र, मग कुठल्या भागात तिला काय म्हणतात ते. वखराचा फोटो आला आहे. सोंदुराचा अजून कुणाकडे मिळालेला नाही.