अंगणातला वाळा

वाळा म्हटले की आपल्या मुलांना बोध होत नाही. खस म्हटले की लगेच हिरवे सरबत आठवते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे पुस्तकातली खस आणि घरातला वाळा, दोन्ही शब्द आम्हाला सारखेच जवळचे.

जुना वाडा विकावा लागला तेव्हा आईने एकच वस्तू हट्टाने मागितली, विहिरीजवळचा वाळ्याचा ठोंब. नव्या घराची मागची बाजू उताराची. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात वाहते. कुंपणाच्या भिंतीचा पाया उघडा पडू लागला होता. जुलैत आम्ही ठोंब फोडला, पाने वीतभर ठेवून छाटली आणि दोन-तीन फुटवे एकत्र असे अर्ध्या वितीच्या अंतराने उताराला आडवे लावले. पहिले वर्ष पाणी दिले, तण काढले. ऊन मात्र भरपूर हवे. सावलीत हे गवत मरगळते.

वाळा मूळचा आपल्याच देशाचा, वर्षानुवर्षे टिकणारा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा. दाट ओळीपाशी पाण्याचा वेग मंदावतो आणि माती तिथेच थांबते. 1980 च्या दशकात जागतिक बँकेने मृदासंधारणासाठी त्याचा प्रचार केला. कर्नाटकातले शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून तो बांधावर लावत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आईने माठात टाकायला मुळे मागितली. सुगंध मुळांत आणि माती धरणारीही तीच! मुळे काढायची तर ठोंब उपटावा लागतो. शेवटी काही फुटवे वाळूमिश्रित मातीच्या गोण्यांत वेगळे लावायचे ठरवले. ब्याऐंशी वर्षांच्या आईला "अजून दोन वर्षे थांब" म्हणणे आम्हाला जड गेले. ती म्हणाली, "भिंत पडली तर राहू कुठे? थांबते मी."

ती थांबली. गोण्या फोडून मुळे काढली, धुतली, वाळवली. वरचे फुटवे पुन्हा लावले. माठातले पाणी पिऊन आई एवढेच म्हणाली, "वाड्यातलं पाणी."

येत्या जुलैत फुटवे वाटणार आहोत. ज्या पालकांच्या अंगणात ऊन आहे, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. रोप नेणाऱ्या मुलाने त्याचे मराठी नाव वहीत लिहून न्यावे, एवढीच अट.