दवबिंदूची कैफियत

निफाड तालुक्यात द्राक्षबाग राखणाऱ्याला मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्रीचा धाक पावसाइतकाच असतो. कारण पाऊस वाजतगाजत येतो आणि धुके मात्र वर्दी न देता पहाटे घडांवर उतरते, असा सर्वांचा समज आहे. मला तो मान्य नाही. धुक्याची वर्दी सायंकाळीच येते. ती वाचण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते.

सामग्री माफकच : सावलीत शेजारी शेजारी टांगलेले दोन तापमापक, पैकी एकाच्या फुग्याला ओली मलमल. सूर्यास्तानंतर कोरडा पारा २० अंशांवर व ओला १६ अंशांवर असेल, तर कोष्टकातून दवबिंदू साडेतेराच्या आसपास निघतो. तापमान रात्रभर उतरत असता दवबिंदू सहसा आपली जागा सोडत नाही. आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखालीही नोंदवला जातो अशा या मुलखात, दोघांची गाठ पहाटेपूर्वी पडेल की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

परंतु गाठ पडली म्हणजे धुके पडलेच, असे नव्हे. या विद्येची खरी खुमारी येथेच आहे. वारा निपचित असला तर हवेतला ओलावा पानांवर दवरूपाने सांडून जातो, किंचित झुळूक असली तर गारवा वरच्या थरांत मिसळून धुके दाटते, आणि वारा वाढला की दोहोंचा निकाल लागतो. त्यातही नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाकाठी आणि नुकतेच पाणी भरलेल्या शिवारात दवबिंदू चढाच असतो. तेव्हा जिल्ह्याचा म्हणून सांगितलेला अंदाज माझ्या बांधापर्यंत पोहोचेलच, याची हमी कोण देणार?

दर्यावरील धुके वर्तविणाऱ्याचा हिशेब निराळा. तेथे प्रश्न रात्रीच्या गारव्याचा नसून, वाहत येणाऱ्या हवेचा दवबिंदू पाण्याच्या तापमानाहून चढा आहे काय, हा असतो. म्हणूनच शीत प्रवाहावर उबदार हवा येणारे न्यूफाउंडलंड धुक्यासाठी कुप्रसिद्ध, आणि आमचा उबदार कोकणकिनारा त्या मानाने निर्धास्त.

माझी गरज मात्र त्याहून क्षुद्र आहे. केवड्याला, ज्याला आता सारेच डाऊनी म्हणतात, पानावर काही तास टिकणारे पाणी लागते. भुरीला ते लागत नाही. म्हणून सायंकाळचा दवबिंदू अपेक्षित किमान तापमानाच्या बराच खाली असला आणि पाने कोरडी राहण्याची खात्री पटली, की शेजारी धुक्याच्या नुसत्या धास्तीने औषध कालवीत असतानाही मी केवड्याची फवारणी तहकूब ठेवतो.