वेगाच्या गावी दोन दिवस

शर्यत म्हटली की मला ससा-कासवाची गोष्ट आठवते, आणि मी स्वभावाने नि पेशाने कासवाच्या पक्षाचा! वीस वर्षे स्कूटर चालवतो आहे. पण तिने चाळीसचा आकडा ओलांडल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. अशा माणसाला सहकुटुंब मोटारींच्या शर्यतीला नेले ते आमच्या मेहुण्याने.

हा मेहुणा चेन्नईजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर झेंडे दाखवण्याचे काम हौसेने करतो. त्याचे बोलावणे आले तेव्हा घरात अबोला होता. जूनमध्ये चिरंजीवांनी मित्राची मोटारसायकल सिंहगड रस्त्यावर घसरवली होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते. कोपरावर निभावले हे नशीब. "या घरात मोटारसायकल येणार नाही," हे माझे वाक्य आणि "ठीक आहे," हे त्याचे. पुढे दोन महिने आम्ही बापलेक त्याच्या आईमार्फत बोलत होतो. असल्या मुलाला शर्यत दाखवणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे मी म्हटले. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निदान दोन दिवस एका ठिकाणी बसाल तरी!" येताना कांचीपुरमची साडी, ही त्यांची अट होतीच.

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. राजीव गांधींची हत्या झाली तीही इथेच, 1991 साली. अशा गावाच्या शेजारी 1990 पासून हा शर्यतीचा मार्ग आहे. त्यापूर्वी मद्रासच्या शर्यती शहराच्या उत्तरेला, शोलावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर होत. विमानांची धावपट्टी मोकळी पडली आणि हौशी लोकांनी तिच्यावर मोटारी पळवल्या! 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने पुढे हा पक्का मार्ग बांधला. लांबी 3.7 किलोमीटर, वळणे 12.

शनिवारी सराव आणि पात्रता फेऱ्या. पहिली गाडी समोरून गेली तेव्हा छातीतून गेल्यासारखी वाटली. धाकटीने कानांत कापसाचे बोळे घातले आणि दशम्यांचा डबा उघडला. चिरंजीव मात्र मामाला चिकटले. सगळे झेंडे त्यांना तासाभरात पाठ झाले: पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणी कोणाला मागे टाकायचे नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या, लाल म्हणजे शर्यत थांबली. वर्षभर शिकवूनही समासांचे प्रकार ज्याच्या डोक्यात शिरले नाहीत, तोच हा मुलगा!

"भावोजी," मेहुणा मला म्हणाला, "सरळ रस्त्यावर काय, कोणीही पाय दाबील. शर्यत जिंकायची ती वळणावर. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना लावायचा. बाहेरून शिरायचे, आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेर पडायचे. शिरताना हावरेपणा केला की बाहेर पडताना वेळ गेलाच."

रविवारी दुपारी ते डोळ्यांनी पाहिले. एक गाडी वळणावर जरा जोरात शिरली, गर्रकन फिरली आणि खडीत जाऊन रुतली. धुरळा उडाला. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात पिवळे झेंडे फडफडू लागले आणि मागून येणाऱ्या साऱ्या गाड्यांनी वेग उतरवला. क्षणापूर्वी वीतभर जागेसाठी झगडणारी ती पोरे, पण एकानेही पुढे घुसण्याचा प्रयत्न केला नाही. खडीतला चालक पट्टे सोडून बाहेर आला आणि आपल्या पायांनी चालत कुंपणापलीकडे गेला. तिथे त्याने हेल्मेट काढले. आमच्या चिरंजीवांएवढाच असेल.

मी मुलाकडे पाहिले. त्याचा हात नकळत कोपरावरच्या खुणेवर गेला होता.

काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला नि शर्यत संपली. परतताना गाडी मेहुणाच चालवत होता, आणि माझ्या स्कूटरला शोभेल अशा चालीने. "मामा, जरा दामटा की!" धाकटी म्हणाली. तो हसून म्हणाला, "इथे पिवळा झेंडा दाखवायला कोण उभे आहे?"

आणि मागून आवाज आला, "बाबा, त्या दिवशी मी वळणातच ब्रेक दाबला होता."

दोन महिन्यांनी 'बाबा' ऐकले. उत्तराला अंमळ उशीर लागला. मी त्याला 'हळू' नि 'जपून' हे दोनच शब्द शेकडो वेळा दिले होते. थांबावे कसे, हे एकदाही शिकवले नव्हते. खरे सांगायचे, तर ते मलाच आले नव्हते. चाळीसच्या आत राहणाऱ्याला त्याची गरज कधी पडली नाही, इतकेच.

"मग मला पण दाखव," मी म्हणालो.

सोमवारी कांचीपुरमला साडी झाली. तिच्या किमतीपुढे हेल्मेटाची किंमत काहीच नव्हती. पुण्याला आल्यावर चांगली दोन घेतली, एक त्याला आणि एक मला. मोटारसायकलीचा निर्णय अजून झालेला नाही. पण रविवारी सकाळी आम्ही दोघे सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानावर स्कूटर घेऊन जातो. तो शिकवतो, मी शिकतो. ब्रेक अजून माझाच उशिरा लागतो!