पाण्यात पडल्यावर

उत्स्फूर्ततेची परीक्षा घेता येते का, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही. परदेशातल्या विद्यापीठांत जॅझ शिकवतात. सत्रं असतात, गुण असतात, शेवटी पदवी मिळते. आणि परीक्षेला बसणाऱ्याने काय करायचं, तर आधी न ठरवलेलं वाजवून दाखवायचं. हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पाण्यात पडलं की पोहता येतं, त्याला वर्ग कशाला?" आणि मी त्या म्हणीपाशीच अडकून पडते.

कारण आमच्याकडे पाण्यात नुसतं कुणी पडत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत विहिरीवर शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला असायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक पायरीवर उभ्या असलेल्या काकांच्या हातात. काका आधी दोर ताणून धरायचे, मग हळूहळू सैल सोडायचे आणि एका सकाळी डबा न बांधताच ढकलून द्यायचे. ती सकाळ ते कशावरून ठरवत, कोण जाणे. हातपाय बघून म्हणावं, तर तसेच हात मारणाऱ्या दुसऱ्या पोराच्या पाठीवरचा डबा आणखी कितीतरी दिवस तसाच राहायचा. म्हण करणाऱ्याने डबा, दोर आणि काका तिन्ही गाळले. कधी वाटतं, ही लबाडी झाली. कधी वाटतं, गाळले तेच बरं केलं, कारण डबा बांधून वर्षभर तरंगणाऱ्याला पोहता येतं असं कोण म्हणेल?

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर तर खरोखरच पाण्यात पडला होता. १९३६ साली कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबात तो वाजवायला उभा राहिला, मध्येच त्याचा धागा सुटला आणि ड्रमवर बसलेल्या जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायांशी भिरकावली. पंधरा-सोळा वर्षांचं पोर ते. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ मुलखात एका बँडबरोबर काम करताना त्याने लेस्टर यंगच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावल्या आणि त्याचे सोलो कानाने उचलून जसेच्या तसे पाठ केले. परत आला तो वेगळाच वादक होऊन. झांजेने त्याला एवढंच सांगितलं होतं, की तुला पोहता येत नाही.

याच पार्करचे सोलो १९७८ मध्ये स्वरलिपीत उतरवून 'ऑम्निबुक' नावाने छापले गेले. आज सॅक्सोफोनचा विद्यार्थी ते पुस्तक पुढ्यात ठेवून बसतो. पार्करने यंगचं पाठ केलं, हा पार्करचं करतो, बिघडलं कुठे? एकाने कानाने घेतलं, दुसरा कागदावरून घेतो, हा फरक मला पूर्वी पुरेसा वाटे. आता वाटत नाही.

वर्गाला नावं ठेवणं सोपं आहे. १९४७ मध्ये टेक्सासातल्या डेंटनच्या कॉलेजाने हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा 'जॅझ' हे नाव प्रतिष्ठितांना चालण्यासारखं नव्हतं म्हणून त्याला 'डान्स बँड' म्हणावं लागलं. इतक्या अवघडून आत आलेल्या विद्येला बाहेर काढावंसं मला वाटत नाही. शिवाय तिथे जे शिकवतात ते खरं असतं. दोन-पाच-एक ही कॉर्डांची चाल घ्या. डी मायनर सेव्हनमधला सी अर्धी पायरी उतरून बीवर येतो. तो जी सेव्हनचा तिसरा स्वर. मग जी सेव्हनमधला एफ तसाच अर्धी पायरी उतरून ईवर येतो आणि आपण सी मेजरमध्ये, आपल्या घरी पोचतो. बाराही पट्ट्यांत हे बोटांत बसवायचं. कान एकदा या उतरणीला सरावला की जुन्या ध्वनिमुद्रणांत ती जागोजाग ऐकू येते, आणि तो आनंद मला कुणी खोटा ठरवू शकणार नाही.

पण मग 'जायंट स्टेप्स' आठवतं. मे १९५९, न्यूयॉर्क. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची रचना, बी, जी आणि ई फ्लॅट अशा तीन पट्ट्यांमधून उड्या मारत जाणारी, मिनिटाला अडीचशेहून जास्त ठोक्यांच्या वेगात. कोल्ट्रेन त्यावरून पुरासारखा वाहत जातो. मग पाळी येते पियानोवरच्या टॉमी फ्लॅनगनची. काही तुकडे वाजतात, मध्ये मोकळ्या जागा पडतात, वाक्यं अर्ध्यावर थांबतात, शेवटी तो नुसत्या कॉर्डांवर येतो आणि कोल्ट्रेन पुन्हा सूत्रं हाती घेतो. फ्लॅनगन काही कच्चा वादक नव्हता. तीनच वर्षांपूर्वी सनी रॉलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'वर त्यानेच पियानो वाजवला होता.

कोल्ट्रेनने मात्र या चालीवर भरपूर मेहनत केलेली होती. त्याआधी मार्चमध्ये सीडर वॉल्टनला पियानोवर घेऊन त्याने हीच रचना मुद्रित केली होती. ते टेक पुढे प्रसिद्ध झाले. ते लागोपाठ ऐकले तर चार-चार स्वरांचे तेच तेच साचे पुन्हा भेटतात, जागा बदलून. मग त्या दिवशी स्टुडिओत आयत्या वेळी, समोर येईल तसं वाजवत कोण होतं? मला तर वाटतं, फ्लॅनगन. आणि पाठ करायला विद्यार्थी घेतात कोल्ट्रेनचा सोलो. हे चूक आहे असंही म्हणवत नाही, कारण तो सोलो थोरच आहे, आणि तयारीने तो उणा होत नाही. आपल्याकडेही वर्षानुवर्षांच्या पलट्यांवाचून मैफलीतली उपज येत नाही. पण मग उपज म्हणजे नक्की काय उरलं, इथे माझी गाडी रुतते.

फ्लॅनगनने १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ एक अल्बम केला, त्यात 'जायंट स्टेप्स' पुन्हा घेतलं. या वेळी तो न अडखळता वाजवतो. दोन्ही मी ऐकते, आणि अधिक जवळचं कोणतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी जॅझची पदवी घेतली असेल किंवा कुठे शिकवत असाल, तर एवढं मला कळवा: परीक्षेला एखाद्याने १९५९ च्या फ्लॅनगनसारखं वाजवलं असतं, तर तुम्ही त्याला किती गुण दिले असते?