ब्रूनच्या पोटावरची रेघ

एका कॅफेने ब्रून मस्क्याचे 180 रुपये घेतले याचा मला राग नाही. मी हिशेबाची कामं करते. उपनगरात रस्त्यावरच्या गाळ्याला भाडं काय पडतं, एसीचं बिल किती येतं, कॉफीच्या मशीनचा हप्ता किती बसतो, हे मला चांगलं कळतं. माझा राग आहे तो मेन्यूकार्डावर छापलेल्या ओळीवर. 'आमच्याच ओव्हनमध्ये, रोज पहाटे.' अजूनही त्या कॅफेवरून रिक्षा गेली की डोकं तापतं. तरीही मी तिथे जाते, पण ते पुढे येईलच.

आमची दादरची बिल्डिंग पुनर्विकासात गेली आणि आम्ही भाड्याने मुलुंडला आलो. सामान, एजंट, डिपॉझिट, या भानगडी ज्याला माहीत नाहीत असा मुंबईकर सापडणार नाही, म्हणून तो भाग सोडते. खरी अडचण निघाली सासूबाईंच्या चहाची. वय चौऱ्याऐंशी, दात मोजके, पण सकाळी चहात बुडवायला कडक पावच, म्हणजे ब्रूनच हवा. मऊ पाव विरघळतो, मग तो चमच्याने कपातून काढत बसायचं हे त्यांना नामंजूर. पहिल्या दिवशी ॲपवरून मागवलेला पाव त्यांनी दोन बोटांत दाबून पाहिला. "उशीतला कापूस दिसतोय," म्हणाल्या, आणि बशी सरकवून दिली.

मग शोध सुरू झाला. यात एक फुकटचा सल्ला देते. मोबाइलवरच्या ताऱ्यांवर विसंबू नका. आमच्या भागात झाडून सगळ्या बेकऱ्यांना सव्वाचार ते साडेचार तारे आहेत. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचा: बसायला जागा छान, पार्किंग नाही, केकवर मुलाचं नाव चुकलं. पावाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यापेक्षा वडापावच्या गाडीवर गर्दी ओसरली की सरळ विचारावं, पाव कुठून घेता? ज्याची रोजीरोटी पावावर आहे तो वाईट पाव घेऊन बसणार नाही. आमच्या गाडीवाल्याने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं, "भांडुपच्या भट्टीचा. दुपारी चारनंतर जा, ताई. सकाळचा माल सायकलवाले उचलतात, तुम्हाला काही उरणार नाही."

कॉफीचंही तसंच. मुलुंडमध्ये दाक्षिणात्य मंडळी पुष्कळ, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मामींना विचारलं. त्यांनी कॉफी दळून देणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला आणि 'त्याच्याकडे तयार पाकीट घेऊ नकोस' अशी तंबीही. दुकानात पहिलाच प्रश्न आला, चिकोरी किती टक्के? कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलंच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे कायद्याने 49 टक्क्यांपर्यंत चिकोरीचं भाजलेलं मूळ तुमच्या पेल्यात येऊ शकतं. ती बारीक अक्षरं आपण कधी वाचत नाही. मामींचं प्रमाण ऐंशी-वीस. मी पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मंनिम्मं घेते, चिकोरी पंधरा. नवऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला इन्स्टंटही चालते. असो.

भट्टी सापडली सोनापूरच्या अलीकडे, चाळींच्या मागे. पाटी नाही. एलबीएस मार्गावर कारखाने होते तेव्हा पहिल्या पाळीच्या कामगारांसाठी इथून पाव जायचा. कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, भट्टी मात्र राहिली. मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे आजोबा आझमगडहून आले. चाचा जन्मले भांडुपलाच, मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त हिशेब हिंदीत करतात. आत विटांची घुमटी भट्टी. लाकूड पेटवून ती तापवायची, निखारे बाजूला ओढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचा. लादी पत्र्याच्या ट्रेमध्ये जायची, पण इथला ब्रून थेट विटांवर. कारागीर लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून तो आत सरकवायचा. त्या तळातली एक वीट तिरकी तडकलेली होती. तिच्यावर पडलेल्या ब्रूनच्या पोटावर करंगळीच्या पेराएवढी तिरकी, वर उठलेली रेघ उमटायची. सासूबाई ती नखाने तोडून आधी खायच्या, कारण तिथला पापुद्रा सगळ्यात कडक. रेघेचा ब्रून आला नाही तर मला "आज नाही का?" असं विचारायच्या. भट्टीवर एक ब्रून आठ रुपयांना.

आता तो कॅफे. एका टॉवरच्या खाली नवा उघडला. पितळी दिवे, लांब लाकडी टेबल, भिंतीवर कॉफीच्या फांदीचं चित्र. रविवारी नवरा म्हणाला, जाऊन तर पाहू. ब्रून मस्का काळ्या दगडी पाटीवर आला, सोबत चिमूटभर जाडं मीठ. मी ब्रून उलटा केला. का, ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय झाली होती म्हणा. पोटावर रेघ. तीच तिरकी, तिथेच.

मी वाढणाऱ्या पोराला बोलावलं. "हा पाव कुठला?"

"मॅम, इन-हाउस आहे."

"ओव्हन कुठे आहे तुमचा? पाहू दे."

तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर हसतमुख. आमचं सेंट्रल किचन आहे, म्हणाला. कुठे? ते कंपनीच्या धोरणानुसार सांगता येत नाही. मी ब्रून उलटा धरून रेघ दाखवली आणि तडकलेल्या विटेची सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "मॅम, हॅन्डमेड असल्यामुळे प्रत्येक पीस वेगळा असतो." माझ्याच पुराव्याला त्याने गुण करून टाकलं! शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या. नवरा टेबलाखालून पाय दाबत होता. मी म्हटलं, पाव बाहेरून आणता त्याला माझी हरकत नाही, तुम्ही कॉफीवाले, पाव करणाऱ्याकडूनच घ्यावा. पण मग त्याचं नाव लिहा. तेही नको असेल तर निदान 'आमच्याच ओव्हनमध्ये' हे तरी काढा. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत कसले दावे करावेत, 'ताजं', 'अस्सल' हे शब्द कुठे वापरावेत, याचे नियम 2018 पासून आहेत. तो मान डोलवत राहिला. ही मान डोलवण्याची कला यांना कुठे शिकवतात कुणास ठाऊक. समोरच्याला वाटतं आपलं पटतंय, आणि आत काहीही पोचत नाही.

बिल आलं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. मी काही बोलायच्या आत त्याने पेनाने तो खोडला. "तुमच्यासाठी, मॅम." जसा काही माझ्यावर उपकार! सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे जे घ्यायलाच नको होतं ते परत देऊन त्याने माझं तोंड गोड केलं, आणि कार्डावरची ओळ होती तिथेच राहिली. रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणाला, पावावरून? हो, पावावरून.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन सगळं सांगितलं. चाचा भडकतील असं वाटलं होतं. त्यांनी टोस्टच्या पिशव्यांना गाठी मारता मारता ऐकून घेतलं. "ताई, मला माहीत आहे. रोज त्यांचा पोरगा येतो, चाळीस नग नेतो. लोक मला विचारायला येत नाहीत, पैसे येतात. हॉटेलवाले उधारी लटकवतात तीन-तीन महिने. हे लोक एक तारखेला देतात." मग जरा थांबून, "कधी पाच तारखेला." मी म्हटलं, तुमचा आठ रुपयांचा ब्रून ते 180 ला विकतात! "मस्का लावतात ना वर," चाचा म्हणाले. कारागीर फिदीफिदी हसला. त्या क्षणी मला कॅफेवाल्यांपेक्षा चाचांचा जास्त राग आला.

चाचांपुढे मोठा प्रश्न दुसराच होता. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेवर जायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. महापालिकेने वर्षभर दिलं होतं, न्यायालयाने ते निम्म्यावर आणलं. मी सुरुवातीला तावातावाने बोलले होते की ही भट्टी जाणार म्हणजे मुंबईची चव जाणार वगैरे. पण तिथे कोण राहतं? भट्टीमागच्या चाळीतल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, दोरीवरचे पांढरे कपडे आम्ही रविवारीच धुतो, कारण त्या दिवशी धूर कमी. आणि जळायचं ते काही आंब्याचं सरपण नव्हे, भंगारातलं. मोडक्या कपाटांचं प्लायवूड, खोक्यांची फळकुटं, रंग आणि डिंकासकट. आठव्या मजल्यावर खिडक्या लावून बसलेल्या मला धुराच्या चवीचं कौतुक करायला काय जातं!

चाचांनी कर्ज काढून विजेचा ओव्हन घेतला. जुनी भट्टी थंड झाली आणि रेघेचा ब्रून संपला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पाव उलटसुलट करून पाहिला, चहात बुडवला, खाल्ला. काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, "आई, फरक वाटतो का?" "मीठ जरा जास्त आहे," म्हणाल्या. मला फरक जाणवतो, असं मी अजून सगळ्यांना सांगते. डोळे बांधून खायला दिला तर सांगता येईल की नाही, शंका आहे.

आता कॅफेत का जाते ते सांगते. कॉफी उत्तम आहे, इलाज नाही. मशीनवर एक मुलगी असते, भांडुपचीच. पावसाळी हवेत दळण कसं बिघडतं, सकाळी पहिले दोन घोट ती स्वतः चाखून का टाकून देते, चिकमंगळूरच्या कुठल्या मळ्यातली बी आहे, सगळं नीट सांगते. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते हे तिला माहीत नव्हतं, ते मी सांगितलं. मॅनेजर दिसला की मी वर्तमानपत्रात डोकं घालते. तोही बहुधा तेच करतो, फक्त त्याच्यासमोर लॅपटॉप असतो.

मध्यंतरी चाचांनी मला कागद करायला बोलावलं. कॅफेला आता रोज ऐंशी नग हवेत, तेव्हा लिहून घेतलेलं बरं. त्यांची उद्यम नोंदणी करून दिली. करारनामा एका पानात बसवला. लघुउद्योजकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च आयकरात पैसे देईपर्यंत धरता येत नाही, ही 2024 पासूनची तरतूद त्यांना समजावली: करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45. हे ऐकून चाचा खुलले. मग मी मोठ्या हौसेने तिसरं कलम वाचून दाखवलं, 'खरेदीदाराने आपल्या मेन्यूकार्डावर पुरवठादार बेकरीचं नाव ठळकपणे छापावं.'

चाचांनी पेन मागितलं आणि ते कलम आडवं खोडलं. "नाव छापलं तर उद्या समोरचा कॅफेवाला पण येईल, याच्यापेक्षा एक रुपया कमी मागेल. तुम्ही इथे असं लिहा, ताई: ट्रे रिकामे त्याच दिवशी परत. नाही दिले तर नगामागे तीनशे."

मी अडीचशे लिहिले. त्यांनी ते खोडून तीनशे केले.