रायपूरच्या वाळवणाचे दोन हंगाम

मराठी घरात वाळवण म्हटले की चैत्र-वैशाख. रायपुरात मात्र वर्षाच्या बेगमीचे हंगाम दोन. एक अगहन-पूसचा, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाचा. त्यात रखिया बरी (बरी म्हणजे उडदाची वाळवलेली वडी), बिजौरी, मुरईची म्हणजे मुळ्याची बरी आणि सुकसी होते. दुसरा होळीनंतर सुरू होऊन मृगापर्यंत चालणारा, पापड-कुरडया, आमचूर आणि लोणच्यांचा. भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात नागपूर-वऱ्हाडकडून इथे आलेल्या मराठी घरांनी दुसरा हंगाम सोबत आणला आणि पहिला शेजाऱ्यांकडून घेतला. त्यामुळे तात्यापारा-बूढापाऱ्यातल्या जुन्या घरांत मूगवड्यांच्या डब्याशेजारी बरीचा डबा असतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

बरी हिवाळ्यातच का, याचे उत्तर बहुधा ‘तेव्हा रखिया मिळतो’ असे येते. रखिया म्हणजे पांढरा कोहळा, पेठ्याचा. तो त्या सुमारास बाजारात भरपूर येतो हे खरे. पण जाड सालीचे हे फळ नीट ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते. तरीही मे महिन्यात बरी कोणी घालत नाही, कारण प्रश्न रखियाचा नाही, उडदाचा आहे.

सालीची उडीद डाळ भिजवून, साली धुऊन काढून घट्ट वाटतात आणि हाताने फेटतात. फेटलेल्या पिठाचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. बुडाला तर हात चालू ठेवायचा. उडदातली ग्लोब्युलिन प्रथिने हवेचे बुडबुडे धरतात आणि त्यातला चिकट पदार्थ, अरॅबिनोगॅलॅक्टन, ते फुटू देत नाही. त्यात रखियाचा कीस मिसळून पीठ ठेवले की ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू उरलेले फुगवण्याचे काम करतात. रायपूरच्या डिसेंबरात दुपारी 27-28 अंश आणि पहाटे 12-13 अंश तापमान असते. या गारव्यात पीठ रात्रभरात हलके होते, पण आंबट होत नाही. मे महिन्यात, पारा 42च्या आसपास असताना, तेच पीठ सकाळपर्यंत हाताबाहेर जाते.

दुसरी अडचण याहून मोठी आणि कमी ओळखली जाणारी आहे. रखियात पाणी सुमारे 96 टक्के असते, आणि बरी ही चांगली लिंबाएवढी गोळी. कडक उन्हात तिचा पृष्ठभाग इतक्या लवकर वाळतो की त्यावर कवच धरते. आतले पाणी बाहेर यायची वाट बंद होते. अशी बरी वाजवली तर खणखणते, डब्यात भरली जाते आणि श्रावणात फोडली की आत हिरवी निघते. कुरडई किंवा पापड पातळ असल्याने त्यांना हे भय नाही. त्यांच्यासाठी मे महिन्याचे ऊनच योग्य. हिवाळ्यातले मऊ ऊन आणि कोरडी हवा जाड वस्तूला आतपर्यंत वाळवतात. रखियाच्या बिया, तीळ आणि उडीद यांची बिजौरी चपटी असते, पण तिलाही उडदामुळे हिवाळाच मानवतो.

‘किती उन्हे द्यायची?’ हा प्रश्न मात्र या विषयाच्या जाणकाराचा पिच्छा सोडत नाही. उन्हाची संख्या हे उत्तर नव्हेच. ऊन बुरशी मारते ही समजूतही फारशी खरी नाही. बुरशीला अडवतो तो कोरडेपणा. पदार्थातले किती पाणी जंतूंना वापरता येते, याला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची 1 धरली जाते. बहुतेक जीवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरश्या 0.7 च्या खाली, आणि 0.6 च्या खाली कोणीच नाही. घरात हे मोजायचे यंत्र नसते. बरी मधोमध मोडून पाहणे एवढे पुरते: कडकन तुटली तर झाली, वाकून तुटली तर परत पर्ऱ्यावर, म्हणजे वाळवणाच्या बांबूच्या ताटावर.

उन्हाळी हंगामात सर्वाधिक गैरसमज लोणच्याभोवती आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ते वाढले आहेत. तेलामुळे लोणचे टिकते असे धरून चालणारी घरे मीठ निम्म्यावर आणतात आणि बरणी तेलाने काठोकाठ भरतात. व्हायला हवे ते नेमके उलटे. कैरीच्या लोणच्याला टिकवतो तो कैरीचा आंबटपणा आणि फोडींच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के मीठ. मीठ फोडीतले पाणी ओढून काढते आणि उरलेले जंतूंसाठी निरुपयोगी करते. तेलाचे काम वरवरचे आहे, शब्दशः: हवा लागून पृष्ठभागावर येणारी पांढरी साय ते रोखते. पण हवा बंद झाली की सगळेच जंतू मरतात असे नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू हवा नसतानाच वाढतो आणि प्राणघातक विष तयार करतो. सामू 4.6 च्या खाली असेल तर त्याचे काही चालत नाही, म्हणून कैरी आणि लिंबू निर्धोक. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवणे, किंवा करील म्हणजे बांबूचे कोंब न आंबवता तेलात मुरवणे, याला मात्र लोणचे म्हणू नये. त्यात भरपूर लिंबूरस किंवा व्हिनेगर हवेच. रक्तदाबाची काळजी रास्त आहे. तिचा उपाय पानातली फोड लहान करणे हा आहे. बरणीतले मीठ त्यासाठी कमी करू नये.

मोहरीबाबतही एक घाई सर्रास दिसते. मोहरीची डाळ ओलाव्यात आली की तिच्यातले विकर कामाला लागते आणि झणका तयार होतो. हा झणका स्वतःच जंतुरोधक आहे. तिच्यावर उकळते तेल ओतले तर विकर तिथेच संपते. तेल तापवून पूर्ण गार करावे, हा आजीचा नियम रसायनशास्त्राला धरून आहे. वऱ्हाडी सवयीने जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी इतके ध्यानात ठेवावे की ते लवकर खवट होते. इथले सरसोचे अधिक टिकते.

सुकसीचा मामला सोपा. हरभऱ्याची आणि तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, कोवळी भाजी खुडून वाळवतात. पावसाळ्यात ताकात किंवा डाळीत शिजते. उन्हात हिरवा रंग, क जीवनसत्त्व आणि बरेचसे कॅरोटीन जाते, लोह आणि कॅल्शियम राहते. म्हणून ती हवेशीर सावलीत वाळवणे बरे. वांग्या-टोमॅटोचा खोइला, म्हणजे वाळवलेले काप, मात्र उन्हातच होतो, काप पातळ असतील तर.

सगळ्याची परीक्षा होते पावसाळ्यात. वाळवण उन्हातून उचलून गरम असतानाच हवाबंद डब्यात भरले की झाकणाखाली वाफेचे थेंब धरतात, आणि सगळे वाळवणे वाया जाते. ते सावलीत निवू द्यावे. पावसात डबा वारंवार उघडू नये, महिन्याचे वेगळे काढून ठेवावे. आश्विनातल्या उन्हात एकदा डबे रिकामे करून सगळे पुन्हा पसरावे. तेव्हा बुरशी दिसलीच तर ती पुसून, तळून खाण्याची काटकसर करू नये. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष घरातल्या तळण्याने नाहीसे होत नाही आणि उन्हानेही ते जाईल याचा भरवसा धरता येत नाही. तो घाणा, कितीही मेहनतीचा असला तरी, टाकावा. गाईच्या पुढेही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते.